‘हां’ आल्याशिवाय

१

आमच्या घरी सकाळचा चहा थोरली सुरू झाल्यावर होतो.

थोरली म्हणजे माझी जाऊ नव्हे, मला जाऊ नाहीच. थोरली म्हणजे मामंजींची जीप. चौकोनी, करड्या रंगाची, मागे बंद गाड्या ओढून आणायचा हूक लावलेली, माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी. सासूबाई म्हणायच्या, “मी या घरात आले तेव्हा ही आधीपासून ठाण मांडून बसलेली. तेव्हापासून मी धाकटीच.” हे त्या हसून म्हणायच्या, पण थोरलीकडे बघून नाही.

पुढे गॅरेज, मागे घर. मधलं दार कधी नीट लागत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरात ग्रीसचा वास असतो आणि गॅरेजमध्ये कांद्याचा. आमच्या दारावरून रस्ता सरळ चढणीला लागतो आणि वर पठारावर जातो. वर घर नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. तिथे कुणाची गाडी बंद पडली, की खाली येणाऱ्या कुणाबरोबर तरी निरोप येतो आणि मामंजी थोरली काढतात. म्हणून तिला रोज सकाळी तपासायचं, सुरू करायचं, मगच चहा.

या कामाला दोन माणसं लागतात. एक बॉनेटपलीकडे, एक सीटवर. बॉनेट उघडलं की सीटवरून समोरचं काही दिसत नाही, काचेसमोर पत्र्याची भिंतच. खाली तेवढी एक फट राहते. तिच्यातून कधी पाना दिसतो, कधी मनगट, कधी बोटं. माणूस दिसत नाही, त्याचा नुसता आवाज येतो.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासूबाईंनी मला दंडाला धरून त्या सीटवर बसवलं. “आता तू बस,” म्हणाल्या. “मी पुष्कळ वर्षं बसले.”

मग नियम सांगितला. पलीकडून “मार” असं आलं की लगेच किल्ली फिरवून सेल्फ मारायचा नाही. आपण म्हणायचं, “मारते.” ते ऐकून पलीकडचा माणूस हात बाहेर काढतो आणि म्हणतो, “हां.” हां आल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही.

“आणि हां आलंच नाही तर?” मी विचारलं.

“तर बसून राहायचं.”

हा नियम का आहे ते मामंजींच्या डाव्या हाताकडे पाहिलं की कळायचं. करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. ते ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचे. “अंगठी घट्ट बसली होती हो. तेल लावलं, साबण लावला, निघेना. हिने एका फटक्यात काढून दिली!” पाहुणे हसायचे. सासूबाई उठून पाणी आणायला जायच्या.

मी कमी बोलणारी. या घरात सगळे इंजिनावर आवाज चढवून बोलायची सवय असलेले. मामंजी पहिल्या दिवशी नवऱ्याला म्हणाले, “सून बोलते ना रे? की बघायच्या वेळी कुणी दुसरीच बोलत होती?” नंतर मात्र तेच सगळ्यांना सांगायला लागले, “आमची सून कमी बोलते. गुणाची आहे.”

२

धाकटी माझ्याबरोबर आली.

मुलगी एवढ्या लांब चालली, मनात आलं की तिला घरी येता यावं, म्हणून वडिलांनी मला गाडी दिली. पांढरी, नवी कोरी, आवाज न करणारी, किल्ली न फिरवता बटण दाबून सुरू होणारी. समोर पडदा, त्यावर रंगीत चित्रं, दार उघडं राहिलं तर टिंग, पट्टा नाही लावला तर टिंग. मामंजींनी पहिल्याच दिवशी तिचं बॉनेट उघडलं आणि खाली काळं प्लॅस्टिकचं झाकण बघून नवऱ्याला हाक मारली.

“इंजिन कुठंय हिचं?”

“त्याच्या खाली.”

“हा तर डबा दिलाय. झाकण लावून.”

“बाबा, हिच्यात हात नाही घालायचा. हिला विचारायचं.” नवऱ्याने स्टीअरिंगखाली स्कॅनरची वायर खुपसली. “काय दुखतंय ते ती स्वतः सांगते. बघा, सगळं ठीक आहे म्हणतेय.”

“आणि खोटं बोलली तर?”

“मशीन खोटं बोलत नाही.”

“मग कसं व्हायचं हिचं आपल्यात,” मामंजी म्हणाले आणि बॉनेट लावलं.

जेवताना हे रोजचं झालं. नवरा म्हणायचा, नव्या गाड्या बिघडतच नाहीत, थोरली आठवड्यातले निम्मे दिवस पोट उघडून पडलेली असते. मामंजी म्हणायचे, बिघडू दे, तारेच्या तुकड्यावर घरी तर येते. तुझी ती पठारावर रुसली तर स्कॅनर काय ढकलणार का? खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. मी वाढायचं काम करायची आणि काही बोलायची नाही.

मग एकदा बाजारातून येताना पडद्यावर एक खूण उजळली. छोटी, तांबडी, बॅटरीच्या आकाराची. टिंग. घर येईपर्यंत आपोआप गेली. मला वाटलं, नजरचूक झाली असेल. दुसऱ्या फेरीला पुन्हा आली आणि या वेळी गाडी चढावर जरा दमल्यासारखीही झाली.

त्याच रात्री जेवताना मामंजी म्हणाले, “काय गं सूनबाई, धाकटी रुसली नाही अजून? माहेरची माणसं लवकर रुसतात म्हणे.” सगळे हसले. मीही हसले. आणि ठरवलं, आता नाही सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे पुरुष चढणीखाली एका ट्रकला चाक लावत होते आणि सासूबाई आडव्या झाल्या होत्या. मी नवऱ्याचा स्कॅनर काढला, त्याला करताना पाहिलं होतं तसा लावला. एकच ओळ आली. चार्जिंगमध्ये दोष. तिच्याखाली प्रश्न होता, पुसायचं का? मी ‘हो’ दाबलं. ओळ गेली. पडद्यावरची खूणही गेली. गाडी एकदम गुणाची झाली.

नवऱ्याला सांगायचं राहून गेलं, असं मला म्हणता येईल. पण ते राहून गेलं नव्हतं. मी ते राहू दिलं.

३

त्यानंतर काही दिवसांनी थोरलीचा सेल्फ सुटा होऊन टेबलावर पडला होता. दुपारी एक मोटरसायकलवाला वरून निरोप घेऊन आला, पाण्याचा टँकर पठारावर अडकलाय, डिझेल गळतंय.

मामंजी फडक्याला हात पुसत उभे राहिले. टेबलावरच्या सेल्फकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या धाकटीकडे. आतून सासूबाई म्हणाल्या, “जा ना तिला घेऊन. थोरलीच्या नादाला किती लागायचं माणसाने? धाकटी काय शोभेला ठेवलीय?”

“सुनेच्या माहेरची गाडी आहे.”

“मग विचारा सुनेला. इथेच आहे.”

मामंजींनी मला विचारलं. नेऊ का, असं नाही विचारलं. धाकटीच्या टपावर हात ठेवून, आजारी माणसाची चौकशी करावी तसं विचारलं, “सूनबाई, काही बोलते का गं ही?”

माझ्या डोळ्यांसमोर ती तांबडी खूण आली. तिच्यामागोमाग त्या रात्रीचं जेवण, ते हसणं.

“नाही, मामंजी.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“तुझ्यासारखीच आहे मग,” ते म्हणाले आणि खूश होऊन आत बसले. त्यांचे गुडघे स्टीअरिंगला लागले. मी बुटकी, माझी सीट अगदी पुढे. “कुणाच्या मापाची केलीय ही, बाहुलीच्या?” त्यांनी सीट पार मागे सारली, हत्यारांची पिशवी शेजारी टाकली आणि गेले. धाकटीचा आवाज येतच नाही, त्यामुळे ते चढ चढून कधी दिसेनासे झाले ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा रस्ता रिकामा होता.

दिवस कलला तरी ते आले नाहीत. वरून धुकं उतरायला लागलं. नवरा सेल्फ बसवून थोरली सुरू करायच्या मागे लागला आणि मी सीटवर बसले. मार. मारते. हां. सेल्फ नुसता कण्हायचा. पुन्हा मार, मारते, हां. मी फटीतून त्याची बोटं बघत होते आणि मनात एकच वाक्य घोळवत होते. आले की सांगेन. आज आले की सगळं सांगेन.

“मार.”

“मारते,” मी म्हणाले.

हां आलं नाही. मी थांबले. फटीत हात दिसत नव्हता, पण हां आल्याशिवाय किल्ली नाही, म्हणून मी तशीच बसले. पलीकडे शांत होतं.

“अगं, काय म्हणालीस?” नवरा मधल्या दारातून गॅरेजमध्ये आला. त्याच्या हातात कंदिलाएवढा टॉर्च होता.

“तू ‘मार’ म्हणालास ना?”

“मी टॉर्च आणायला आत गेलो होतो.”

“मग कोण म्हणालं?”

“आई असेल.” तो घाईत होता. सासूबाई त्याच्या मागेच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नव्हत्या.

मी स्वतःला समजावलं. इतक्या वेळा तोच शब्द ऐकल्यावर कानात राहणारच. गाण्याची ओळ नाही का राहत?

४

थोरली सुरू झाली तेव्हा धुक्यात हात दिसत नव्हता. नवरा चढणीच्या अर्ध्यातून परत आला आणि उजाडल्यावर पुन्हा गेला.

धाकटी टँकरच्या जागेच्या कितीतरी अलीकडेच सापडली. बॉनेट उघडं होतं. मामंजी तिच्या पुढ्यात, बंपरला पाठ टेकून बसले होते. त्यांच्या केसांवर दंव होतं.

नवऱ्याने हे मला तुकड्यातुकड्यांत सांगितलं. चार्जिंग बंद पडलं असणार. गाडी दमत दमत थांबली. ते उतरले, बॉनेट उघडलं, किल्ली सीटवरच राहिली. “व्होल्टेज पडलं की या गाड्या काहीही करतात,” तो म्हणाला. “दारं लॉक झाली. कोट आत, पाणी आत. तेही आतच बसले असते तर...”

डॉक्टर म्हणाले, थंडी आणि वय.

टपावर, ड्रायव्हरच्या काचेच्या वर, एक मोठा पाना सापडला. फडक्यात गुंडाळलेला. काच फोडताना हाताला लागू नये म्हणून गुंडाळतात तसा. काच मात्र धड होती.

“ते फोडणार होते होय?” सासूबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, मला समजावत होत्या. “सुनेच्या माहेरची गाडी. ओरखडा येऊ दिला नसता त्यांनी.”

नवऱ्याने धाकटी थोरलीला बांधून ओढत आणली, तिला उसनी बॅटरी लावून स्कॅनर लावला. मी दारात उभी होते. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत होता. मग वळला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“पहिल्यांदाच आलाय फॉल्ट. याआधीचं काहीच नाही हिच्यात, कोरी आहे. कुणाला कळणार होतं? तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या गाडीचा काही दोष नाही.”

तो हात मी डोक्यावर राहू दिला.

एकच गोष्ट त्याला कळत नव्हती. धाकटीची सीट पुढे होती. अगदी पुढे, माझ्या मापाला. “बाबा असे बसलेच नसते,” तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “दार उघडताना माझाच हात लागला असेल.”

५

भेटायला येणारे कमी झाल्यावर एका दुपारी टँकरवाला आला. मोठा, तांबूस मिशांचा माणूस, दारातच चप्पल हातात घेऊन उभा राहिला. नवरा गावात गेला होता. सासूबाई आत होत्या. मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

“माझ्यामुळं गेले,” तो म्हणाला. “मी निरोप पाठवायलाच नको होता. टाकीला साबण लावला, गळती थांबली. अंधार पडायच्या आत पलीकडच्या उताराने खाली आलो पण.”

“तुम्हाला काय माहीत,” मी म्हणाले. नवऱ्याने मला जे म्हटलं होतं तेच मी त्याला म्हणत होते.

“तसं नाही, वहिनी.” त्याने चप्पल या हातातून त्या हातात घेतली. “मी आवाज ऐकला होता. धुक्यात. अलीकडच्या रस्त्याने. मामांचाच. ‘मार,’ म्हणत होते. थांबून थांबून. ‘मार.’ मला वाटलं, जावं का बघायला. पण मग उत्तर आलं.”

“कसलं उत्तर?”

“बाईचा आवाज होता. ‘मारते.’ स्वच्छ ऐकलं मी. म्हटलं, सोबत आहे त्यांच्या. सूनबाईंना घेऊन आलेत. दोघं आहेत म्हटल्यावर माझं काय काम? म्हणून मी निघालो.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही नव्हतात ना वर?”

“मी इथे होते.”

“हो. सगळे तसंच म्हणाले.” त्याने चपला खाली टाकून पायात सरकवल्या. “पण आवाज तुमचाच आहे.”

तो गेल्यावर मी खुर्ची जागेवर ठेवली. पठारावर आवाज कुठून कुठे जातो ते सांगता येत नाही. धुक्यात तर नाहीच. वाऱ्याच्या शिट्टीला लोक हाका समजतात. त्याला अपराधी वाटत होतं, आणि अपराधी माणूस काहीही ऐकतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मधलं दार जरासं उघडं होतं. तिथे सासूबाई उभ्या होत्या.

६

धाकटीचा पार्ट यायचा होता. शहरातून येणार होता, मग कळलं शहरातही नाही, आणखी कुठून तरी तिथे येणार, मग इथे. तोवर ती गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात उभी होती. बॅटरी काढून टेबलावर ठेवलेली, बॉनेट उघडं. नवरा म्हणाला, पार्ट येईपर्यंत हात लावू नका.

एका दुपारी मी चहा घेऊन सासूबाईंना शोधत होते. त्या धाकटीच्या सीटवर होत्या. दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर समोरच्या पत्र्यावर. ओठ हलत होते.

“मारते,” त्या म्हणाल्या. थांबल्या. कान देऊन ऐकलं. मग पुन्हा, थोड्या आर्जवाने, “मारते हो.”

मी पेला टेबलावर ठेवला. त्याचा आवाज झाला तशा त्या वळल्या, पण दचकल्या नाहीत.

“तुला येतो का गं आवाज?”

मी ऐकलं होतं की नाही? पत्र्यापलीकडे काहीतरी होतं. थंड होणारं इंजिन टिकटिकतं तसं काहीतरी. पण ते इंजिन तापलंच नव्हतं.

“नाही, आई.”

“मला येतो. बोलवतात आणि हां म्हणत नाहीत.” त्या हळू आवाजात, घरातली गोष्ट सांगावी तशा बोलत होत्या. “मीच म्हटलं ना, जा तिला घेऊन. त्यांच्या मनात नव्हतं. आणि ते बोट. हसून सांगायचे, पण विसरले नव्हते. आता दोन्हीचं मिळून रागावलेत.”

“असं नसतं, आई.”

“मग हां का नाही म्हणत?”

ते का, हे मला माहीत होतं. मी चहा गार होतोय असं म्हणाले.

त्या रोज बसायला लागल्या. आधी दुपारच्या, मग सकाळच्याही. थोरलीचं बॉनेट आता नवरा एकटाच उघडायचा आणि चहा कुणी मागत नव्हतं. “बसू दे गं,” तो मला म्हणायचा, “तेवढंच मन रमतं तिचं.” डॉक्टर म्हणाले, दुःख आहे, ओसरेल. ताट तसंच परत यायचं. मी त्यांना हाताला धरून उतरवायची तेव्हा तो हात बर्फासारखा असायचा. भर उन्हाची दुपार, पत्र्याचं छप्पर तापलेलं, आणि धाकटीच्या काचेला आतून बाष्प. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, बंद गाडीत श्वासाने होतं. होतही असेल. पण त्यांच्या केसांवर काय होतं, ते मी त्याला विचारलं नाही. मी ते पदराने पुसलं. ते दंव होतं.

मग एक दिवस मी उतरवायला गेले तेव्हा त्यांनी डोळे लगेच उघडले नाहीत. ओठ निळसर होते. मी हलवलं, घासलं, हाका मारल्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “हां म्हणाले की उठेनच गं मी.”

७

दुसऱ्या दिवशी त्या बसल्यावर मी पलीकडच्या दाराने आत शिरले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांना नवल वाटलं नाही. आतून बाहेर काही दिसत नव्हतं. काचांवर बाष्प, समोर पत्रा, खाली ती फट. नवऱ्याच्या हातोडीचा आवाज बाहेरून येत होता, रस्त्याच्या बाजूने, चांगला लांबून. म्हणजे तो इथे नव्हता. हे मी मुद्दाम मनाशी पक्कं केलं.

“मार.”

या वेळी टिकटिक नव्हती. आवाज दमलेला होता, पण चिडलेला नव्हता. रोज सकाळी यायचा तसाच.

“मारते,” सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघी थांबलो.

“आई,” मी म्हणाले, “ते तुम्हाला नाही बोलवत.”

त्यांनी मान वळवली.

“गाडी बोलली होती. आधीच. दोनदा खूण आली होती, स्कॅनरवर पण आलं. मी पुसलं. मामंजींनी मला विचारलं, तुमच्या समोर विचारलं, आणि मी नाही म्हणाले. ते हसतील म्हणून. एवढ्यासाठी. तुमच्यामुळे काही झालं नाही, आई. बोटामुळे पण नाही.”

मी इतकं सलग या घरात कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर गाडीत जागाच उरली नाही असं वाटलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून समोर पाहिलं.

पत्र्यापलीकडून आवाज आला.

“हां.”

सासूबाईंचा अंगठा बटणाकडे गेला. इतक्या वर्षांची सवय. बटणावर पोचला आणि थांबला.

“नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “हात अजून आतच आहे.”

मी फटीतून पाहिलं. काळ्या झाकणावर एक हात ठेवलेला होता. टपावर ठेवला होता तसा, काही विचारताना ठेवतात तसा. ओला होता. करंगळीशेजारी जिथे बोट असायला हवं तिथे अर्धंच होतं. तो हलत नव्हता. बाहेर यायची त्याला घाई नव्हती.

ते हां सेल्फसाठी नव्हतं. ऐकलं, एवढंच सांगणारं होतं.

सासूबाईंनी दार उघडलं आणि उतरल्या. किती दिवसांनी कुणी न धरता उतरल्या. त्यांच्या गालांवर रंग होता. मला वाटलं, ओरडतील. मारतील. नवऱ्याला हाक मारतील. त्यांनी पदर सारखा केला आणि वाकून आत, माझ्याकडे पाहिलं.

“आता तू बस,” म्हणाल्या.

दार लागलं. धाकटीची दारं फार हळू लागतात. बाहेर हातोडी थांबली होती. थोड्या वेळाने मधल्या दारातून भांड्यांचा आवाज आला, मग चहाचा वास. त्यांनी स्वतःहून चहा टाकला होता. आवाज एकाच कपाचा आला.

मी या सीटवरून त्या सीटवर सरकले. ती पुढे-मागे करावी लागली नाही. माझ्याच मापाची होती.

“मार.”

“मारते, मामंजी,” मी म्हणाले आणि बसून राहिले.